ग्लासातला गाळ कांडीतून येतो: ‘इलेक्ट्रोलायझर’ चाचणीच्या दाव्यांचा प्रतिवाद

गृहनिर्माण संस्थांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर गेली अनेक वर्षे एक चित्रफीत नवनव्या मथळ्यांखाली फिरत आहे. टेबलावर दोन ग्लास असतात. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात आरओ यंत्रातले. दोन्ही सारखेच नितळ दिसतात. विक्रेता धातूच्या कांड्या लावलेले ‘इलेक्ट्रोलायझर’ नावाचे छोटे यंत्र दोन्ही ग्लासांवर ठेवतो, त्याची पिन सॉकेटमध्ये घालतो आणि मिनिटभरात नळाच्या पाण्यात हिरवट-तपकिरी गाळ उसळू लागतो; आरओचे पाणी मात्र जवळपास जसेच्या तसे राहते. सोबतचा मजकूर साधारण असा असतो: नळाच्या पाण्यात विरघळलेली कीटकनाशके, जड धातू आणि रसायने डोळ्यांना दिसत नाहीत, विजेने ती बाहेर ओढली की पाण्याचे खरे रूप कळते, गाळाच्या रंगावरून कोणते विष आहे तेही ओळखता येते, परदेशात सांडपाणी याच तंत्राने शुद्ध करतात, म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांचे प्रमाण) कमी करणारे यंत्र आजच घरी बसवा.

हा सगळाच मजकूर निव्वळ थाप असता, तर त्याला दोन ओळींत उत्तर देता आले असते. अडचण अशी की त्यातील जवळजवळ प्रत्येक वाक्यामागे खऱ्या विद्युत-रसायनशास्त्राचा एखादा तुकडा आहे आणि तो भलत्या जागी बसवलेला आहे. पाण्यातील सेंद्रिय प्रदूषके विजेच्या साहाय्याने काढता येतात, काही वेळा ती पूर्णपणे नष्टही करता येतात, ही वस्तुस्थिती आहे. परंतु ते ज्या परिस्थितीत आणि ज्या साधनांनी घडते, त्यांपैकी जवळजवळ काहीही त्या ग्लासात नसते. म्हणून दाव्यातील मुद्दे एकेक करून तपासणे बरे.

‘कांड्या पाण्यातील घाण बाहेर ओढतात’

ग्लासावर ठेवलेले यंत्र म्हणजे विद्युत अपघटनाचा सर्वांत साधा घट आहे. बहुतेक यंत्रांत लोखंडाची कांडी धनाग्र (विजेच्या धन टोकाला जोडलेली) असते आणि ॲल्युमिनियमची कांडी ऋणाग्र (ऋण टोकाला जोडलेली). एकदिश प्रवाह सुरू झाला की धनाग्रावरील लोखंडाचे अणू प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन सोडतात आणि आयनांच्या रूपाने पाण्यात उतरतात. त्याच वेळी ऋणाग्रावर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वायू सुटतो आणि हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. हे दोन्ही आयन एकत्र आले की लोह हायड्रॉक्साइडचा साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, बनतो. तो सुरुवातीला हिरवट असतो आणि पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनमुळे थोड्याच वेळात तपकिरी होतो. हा पदार्थ आपल्याला अनोळखी नाही. पावसाळ्यात गॅलरीच्या लोखंडी गजांवर जो गंज चढतो, तोच इथे विजेच्या जोरावर मिनिटभरात तयार झालेला असतो.

किती लोखंड पाण्यात उतरते याचा हिशोब मायकेल फॅरडेने १८३० च्या दशकात मांडलेल्या नियमांवरून करता येतो. यंत्रातून अर्धा अँपिअर प्रवाह एक मिनिट वाहिला असे धरू. म्हणजे ३० कूलोम विद्युतभार गेला. लोखंडाचा एक मोल, म्हणजे सुमारे ५६ ग्रॅम, विरघळवण्यासाठी ९६,४८५ कूलोमची दुप्पट एवढा भार लागतो. त्यावरून ३० कूलोममध्ये जवळपास ८.७ मिलिग्रॅम लोखंड विरघळेल. दोनशे मिलिलिटरच्या ग्लासात ते लिटरमागे सुमारे ४३ मिलिग्रॅम होते. नळाच्या पाण्यात लोहाचे प्रमाण लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या पुढे गेले, तरी धुतलेल्या कपड्यांवर आणि भांड्यांवर डाग पडू लागतात. त्याच्या १४० पटींहून अधिक लोह मिनिटभरात कांडीतून पाण्यात मिसळले, तर ते पाणी गढूळ होणार नाही तर काय होईल? ही घाण पाण्यातून निघालेली नसून पाण्यात घातलेली आहे.

ज्यांना हिशोबावर विश्वास ठेवायचा नसेल, त्यांनी विक्रेत्याच्या पेटीतील पॉलिश पेपर पाहावा. प्रत्येक प्रात्यक्षिकानंतर कांड्या घासाव्या लागतात, कारण त्या झिजतात आणि त्यांच्यावर खड्डे पडतात. याहून चांगला पुरावा घरी मिळवता येतो. नऊ व्होल्टची बॅटरी, जस्ताचा मुलामा नसलेले दोन साधे लोखंडी खिळे आणि दोन पेन्सिलींची शिसे एवढेच साहित्य लागते. एकाच नळाचे पाणी दोन वाट्यांत घ्यावे. एकीत बॅटरीला जोडलेले खिळे बुडवावेत, नंतर दुसरीत तेवढ्याच वेळासाठी पेन्सिलीची शिसे. खिळ्यांच्या वाटीत पंधरा-वीस मिनिटांत हिरवट-तपकिरी ढग दिसू लागतो. शिशांच्या वाटीत बुडबुडे येतात, पण गंजाचा मागमूस नसतो, कारण पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्राफाइट आणि त्यात विरघळण्याजोगे लोह नाही. घाण पाण्यातली असती, तर ती दोन्ही वाट्यांत दिसायला हवी होती. (हा प्रयोग बॅटरीवरच करावा. विक्रेत्याचे यंत्र घरच्या विजेवर चालते. ते सुरू असताना ग्लासात बोट घालणे जिवावर बेतू शकते. प्रयोगाचे पाणी अर्थातच फेकून द्यावे.)

या मुद्द्यात सत्याचा एक अंश आहे आणि तो नाकारू नये. पाण्यात आधीच माती किंवा कलिल (खाली न बसणारे अतिसूक्ष्म) कण तरंगत असतील, तर लोह हायड्रॉक्साइडचा साका त्यांना आपल्याबरोबर गोळा करतो. पण नितळ दिसणाऱ्या, नगरपालिकेने गाळलेल्या पाण्यात अशा कणांचे प्रमाण अत्यल्प असते, आणि ग्लासात दिसणाऱ्या गाळाचा बहुतांश भाग लोखंडाचाच असतो.

‘आरओचे पाणी स्वच्छ राहिले, म्हणजे ते शुद्ध आहे’

आरओचे पाणी स्वच्छ राहते याचे कारण त्यातून वीज फारशी वाहत नाही. पाण्याची विद्युतवाहकता त्यातील आयनांवर, म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट, क्लोराइड अशा साध्या क्षारांवर अवलंबून असते. आरओच्या पटलाने हे क्षार बहुतांशी काढून टाकलेले असतात. वाहकता दहा-पंधरा पटींनी कमी झाली की प्रवाहही तितकाच कमी होतो आणि विरघळणारे लोखंडही. म्हणूनच नीट पाहिले तर आरओच्या ग्लासातही फिकट पिवळसर छटा आलेली दिसते. विक्रेता ती गडद होण्याआधी यंत्र बंद करतो, एवढेच.

यावरचा उलटतपास अगदी सोपा आहे. आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून तेच प्रात्यक्षिक पुन्हा करायला सांगावे. आपण रोज आमटीत घालतो त्या मिठाने ‘शुद्ध’ पाणी नळाच्या पाण्याहूनही घाणेरडे दिसू लागते. मग दुसऱ्या आरओच्या ग्लासात मिठाऐवजी चमचाभर साखर विरघळवून पाहावी. साखरेचे रेणू आयन बनत नाहीत, त्यामुळे प्रवाह वाढत नाही आणि पाणी नितळच राहते.

साखरेचे हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे, कारण साखर हा सेंद्रिय पदार्थ आहे. ॲट्राझीनसारखे तणनाशक, क्लोरपायरिफॉससारखे कीटकनाशक, बेंझीन किंवा क्लोरोफॉर्म यांचेही रेणू पाण्यात विद्युतभाररहित राहतात. आरओच्या ग्लासात असे एखादे विष घातक प्रमाणात विरघळलेले असले, तरी त्या कांड्यांना त्याचा पत्ता लागणार नाही आणि विक्रेता ते पाणी शुद्ध म्हणून दाखवेल. ज्या प्रदूषकांची भीती घालून यंत्र विकले जाते, नेमकी तीच या चाचणीला दिसत नाहीत.

‘रंगावरून विष ओळखता येते’

यंत्रासोबत एक रंगीत तक्ता दिला जातो: अमुक रंग म्हणजे कीटकनाशक, काळा म्हणजे जड धातू, पांढरा म्हणजे अमुक रसायन. तक्ते विक्रेत्यागणिक बदलतात, हेच खरे तर पुरेसे बोलके आहे. हिरवट-निळसर छटा द्विसंयुजी लोहाच्या संयुगांची, पिवळा ते तांबूस-तपकिरी रंग त्रिसंयुजी लोहाचा, आणि काळा रंग दोन्ही प्रकारचे लोह एकत्र असलेल्या मॅग्नेटाइटचा. पाण्याची अल्कता, त्यातला ऑक्सिजन आणि प्रवाहाचा वेग यांनुसार यांपैकी कोणता रंग वरचढ ठरेल ते बदलते. पांढरा साका ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा असतो, किंवा ऋणाग्राजवळ पाणी अल्कधर्मी झाल्यामुळे खाली बसलेल्या कॅल्शियम कार्बोनेटचा. हा शेवटचा पदार्थ मात्र खरोखरच पाण्यातून आलेला असतो. पण क्षारयुक्त पाणी तापवणाऱ्या गीझरच्या आत जी पांढरी खपली साचते ती हीच, आणि तिला विष म्हणणे कठीण आहे. कीटकनाशक लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असते. एवढ्याशा प्रमाणाने पाण्याला डोळ्यांना दिसेल असा रंग येऊच शकत नाही.

‘वर आलेला फेस म्हणजे रसायने’

तो हायड्रोजन आहे. त्याचे बारीक बुडबुडे साक्याच्या कणांना चिकटतात आणि त्यांना वर उचलतात.

‘सांडपाण्यातील सेंद्रिय प्रदूषके याच तंत्राने काढतात’

या दाव्याचा सर्वांत पटण्याजोगा भाग हा आहे आणि त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण ‘याच तंत्राने’ या शब्दांत दोन अगदी वेगळ्या प्रक्रियांची गल्लत केलेली आहे.

पहिली प्रक्रिया इलेक्ट्रोकोॲग्युलेशनची. पाणी निवळण्यासाठी आपण तुरटी फिरवतो तेव्हा तिच्यातील ॲल्युमिनियमचा हायड्रॉक्साइड बनतो आणि तो गढूळ कणांना साकळून खाली आणतो. तुरटी घालण्याऐवजी लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यांतून वीज सोडून हाच साका जागच्या जागी तयार करणे, ही या प्रक्रियेची कल्पना. ती नवी नाही. लंडनमध्ये १८८९ च्या सुमारास मैलापाण्यावर विजेची प्रक्रिया करण्याचे प्रयत्न झाले होते. आजही तेलकट सांडपाणी, धातूकामाच्या कारखान्यांतील पाणी आणि कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमधील रंगीत पाणी यांसाठी ती वापरली जाते. इचलकरंजी किंवा सोलापूरसारख्या वस्त्रोद्योगाच्या गावांना हा प्रश्न चांगला परिचित आहे, कारण कापडावर न बसलेला रंग शेवटी सांडपाण्यात जातो, आणि रंगद्रव्यांचे मोठे रेणू लोह हायड्रॉक्साइडच्या साक्यावर सहज चिकटतात.

ग्लासावरचे यंत्र रचनेने या प्रक्रियेचे छोटे रूप आहे, हे मान्य. परंतु ही प्रक्रिया प्रदूषक नष्ट करत नाही. ती त्याला पाण्यातून काढून गाळात नेऊन ठेवते. त्या गाळाचे पुढे काय करायचे हा वेगळा आणि खर्चाचा प्रश्न उरतो. शिवाय फिनॉल, ॲसिटोन, मिथेनॉल, ॲसिटिक आम्ल यांसारखे लहान आणि पाण्यात चांगले विरघळणारे रेणू साक्याला फारसे चिकटत नाहीत. ते मागेच राहतात. त्यामुळे रंग उतरलेले पाणी पाहून ते शुद्ध झाले असे समजणे कारखान्यातही चूक ठरते. सांडपाणी नदीनाल्यात सोडण्यासाठी रासायनिक ऑक्सिजन मागणी, ज्याला सांडपाणी प्रकल्पांत सगळे सीओडी म्हणतात (पाण्यातील पदार्थांचे रासायनिक ऑक्सिडीकरण करायला लागणारा ऑक्सिजन), लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या आत असावी, असा सर्वसाधारण निकष आपल्याकडे आहे. आणि डोळ्यांना नितळ दिसणारे पाणीही या निकषावर सहज नापास होऊ शकते.

लोखंडी पत्रे आणि वीज यांचा प्रामाणिक उपयोग कसा असतो, याचे एक चांगले उदाहरण पश्चिम बंगालमध्ये आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे काम करणारे अशोक गाडगीळ आणि त्यांचे सहकारी यांनी भूजलातील आर्सेनिक काढण्याची जी पद्धत विकसित केली, तिच्यात लोखंडाच्या पत्र्यांतून वीज सोडून मुद्दाम गंज तयार केला जातो. आर्सेनिक त्या गंजाला घट्ट चिकटते आणि मग गंज खाली बसवून पाणी वेगळे केले जाते. दक्षिण २४ परगणा जिल्ह्यातील धपधपी येथील शाळेत दिवसाला १०,००० लिटर क्षमतेचा प्रकल्प २०१६ मध्ये या पद्धतीवर उभा राहिला. तिथेही पाणी तपकिरी होते. पण तिथले शास्त्रज्ञ त्या तपकिरी रंगाला आर्सेनिक म्हणत नाहीत; तो आपण घातलेल्या औषधाचा रंग आहे हे त्यांना ठाऊक असते, आणि आर्सेनिक गेले की नाही हे ते वेगळ्या चाचणीने मोजतात.

दुसरी प्रक्रिया विद्युत-ऑक्सिडीकरणाची. सेंद्रिय रेणू मोडून त्याचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करण्याची क्षमता असलेली प्रक्रिया ही, आणि बातम्यांमध्ये ‘विजेने कीटकनाशकांचा नाश’ असे जे वाचायला मिळते ते हिच्याविषयी. हिच्यात धनाग्र स्वतः विरघळता कामा नये. त्याने पाण्याच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन ओढून हायड्रॉक्सिल मूलक (ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या एकेका अणूचे तुकडे) तयार करायचे असतात. हे मूलक अत्यंत आक्रमक असतात. त्यांचे ऑक्सिडीकरण विभव, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची ताकद, सुमारे २.८ व्होल्ट आहे, तर ओझोनचे सुमारे २.१ आणि क्लोरीनचे १.३६. ते इतके अल्पजीवी असतात की धनाग्राच्या पृष्ठभागाला लागून असलेल्या अतिपातळ थरातच आपले काम उरकतात.

आता लोखंडाची कांडी हे काम का करू शकत नाही ते पाहू. धनाग्रावर जो पदार्थ सर्वांत सहज इलेक्ट्रॉन देतो तो आधी देतो. लोखंड ते काम पाण्याच्या कितीतरी आधी, कमी विभवावर करते. कांडीत लोखंड शिल्लक आहे तोवर प्रवाह मुख्यतः ते विरघळवण्यातच खर्च होतो आणि धनाग्राचे विभव हायड्रॉक्सिल मूलक तयार होण्याइतके वर चढतच नाही. म्हणूनच या प्रक्रियेसाठी वेगळी धनाग्रे लागतात: टायटॅनियमवर रुथेनियम आणि इरिडियम यांच्या ऑक्साइडांचा लेप दिलेली, टिन किंवा शिशाच्या ऑक्साइडची, किंवा बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याचा पातळ थर चढवलेली. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील शास्त्रज्ञ क्रिस्तोस कॉमनिनेलिस यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की काही धनाग्रांवर मूलक पृष्ठभागाशी घट्ट बांधले जातात आणि सेंद्रिय रेणूचे अर्धवट रूपांतर करून थांबतात, तर काहींवर ते सैल राहतात आणि रेणू पूर्ण जाळून टाकतात. हिऱ्याचे धनाग्र या दुसऱ्या गटातले सर्वांत प्रभावी समजले जाते, आणि ते सर्वांत महागड्या धनाग्रांपैकीही एक आहे. अग्निशमन फेसातील पीएफएएस नावाच्या चिवट फ्लोरिनयुक्त रसायनांवर सध्या जे काम चालू आहे, त्यात याच धनाग्राचा मोठा वाटा आहे.

खर्चाचा अंदाजही घ्यावा. फिनॉलचा एक रेणू पूर्णपणे कार्बन डायऑक्साइडपर्यंत नेण्यासाठी त्यातून २८ इलेक्ट्रॉन काढावे लागतात. या हिशोबाने एक किलो फिनॉलसाठी सुमारे ८,००० अँपिअर-तास लागतात. घटावर पाच व्होल्ट असतील तर ४० युनिट वीज. हा आकडा प्रत्येक इलेक्ट्रॉन कामी आला असे मानून काढलेला आहे. प्रत्यक्षात प्रदूषक विरळ होत जाते तसे त्याचे रेणू धनाग्रापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि तोवर वीज पाण्यातून ऑक्सिजन काढण्यात वाया जाते. त्यामुळे शेवटचे थोडेसे प्रदूषक काढायला सर्वांत जास्त वीज लागते. याच कारणाने शहाणा अभियंता साध्या मैलापाण्यावर ही पद्धत वापरत नाही. ते काम जिवाणू कितीतरी स्वस्तात करतात. जिवाणू जिथे मरतात किंवा हात टेकतात, अशा औषधनिर्मिती, रंगद्रव्ये आणि कीटकनाशके यांच्या कारखान्यांतील सांडपाण्यासाठी ही पद्धत राखून ठेवलेली बरी. रसायनशास्त्रज्ञ फेंटन यांच्या लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्याविषयीच्या १८९४ च्या शोधावर आधारलेली विद्युत-फेंटन पद्धत ऋणाग्रावर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करून हेच मूलक पाण्यात सर्वत्र निर्माण करते. तिच्यात लोह लागते खरे, पण अगदी थोडे आणि उत्प्रेरक म्हणून. शिवाय पाणी सामू ३ च्या आसपास, म्हणजे चांगलेच आंबट करावे लागते. पिण्याच्या पाण्याच्या ग्लासात यातले काहीही घडत नाही.

एक धोकाही सांगायला हवा, कारण ‘विजेने शुद्ध, रसायनांशिवाय’ अशी जाहिरात आता सांडपाण्याच्या यंत्रांचीही होऊ लागली आहे. पाण्यात क्लोराइड असेल, आणि ते बहुतेक पाण्यात असतेच, तर धनाग्रावर त्याचे क्लोरीन बनते. ते क्लोरीन सेंद्रिय पदार्थांशी संयोग पावून क्लोरोफॉर्मसारखी क्लोरिनयुक्त संयुगे तयार करू शकते, आणि हिऱ्याच्या धनाग्रावर तर क्लोराइडपासून क्लोरेट आणि पुढे परक्लोरेटही बनते. पिण्याच्या पाण्यातील क्लोरेटसाठी जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा दिलेली आहे. बाहेरून रसायन घातले नाही म्हणजे आत रसायन तयार झाले नाही असे होत नाही. मूळ प्रदूषक किती उरले एवढेच मोजून भागत नाही. त्याच्यापासून काय तयार झाले हेही मोजावे लागते.

‘टीडीएस जितका कमी, तितके पाणी सुरक्षित’

टीडीएस मीटर विरघळलेले पदार्थ मोजत नाही. ते वाहकता मोजते आणि एका ठरावीक गुणकाने तिचे रूपांतर करून आकडा दाखवते. म्हणजे कांड्यांच्या चाचणीतील आंधळेपणा त्यातही आहे. जुलाब झालेल्या बाळाला आपण जलसंजीवनी देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार तिच्यात लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. टीडीएस मीटरवर तिचा आकडा हजारांच्या घरात जाईल. तिच्यातील १३.५ ग्रॅम ग्लुकोज, जो वजनाने सर्वांत मोठा घटक आहे, त्या मीटरला मात्र दिसणारच नाही.

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येतो. त्याच मानकात ॲट्राझीनची मर्यादा २ मायक्रोग्रॅम, डीडीटीची १ मायक्रोग्रॅम आणि मिथाइल पॅराथिऑनची ०.३ मायक्रोग्रॅम आहे. टीडीएस २०० असलेल्या पाण्यात ॲट्राझीन मर्यादेइतके असेल, तर ते एकूण विरघळलेल्या पदार्थांच्या एक लाखांश भाग होते. मीटर वाहकतेऐवजी खरेच सगळे वजन मोजत असते, तरी आकड्यात फरक पडला नसता.

मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा यांसारख्या सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या जलाशयांचे पाणी मिळते. त्यात क्षार मुळातच कमी असतात. अशा पाण्यावर आरओ चालवणे म्हणजे एका लिटरसाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडणे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओच्या वापरावर बंदी घालण्याचे निर्देश केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला दिले होते, ते याच कारणाने. उलट मराठवाड्यातील किंवा विदर्भातील एखाद्या खोल बोअरवेलच्या खाऱ्या पाण्याला, किंवा यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांत ज्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळते त्याला, आरओ खरोखर उपयोगी पडते. आरओ यंत्र वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. ते कुठे लागते हे कांड्यांनी ठरवू नये, एवढेच म्हणणे आहे. सेंद्रिय प्रदूषकांपुरते बोलायचे तर घरगुती यंत्रातील साधा सक्रिय कोळशाचा फिल्टर अनेक कीटकनाशके आणि क्लोरीन शोषून घेतो, आणि क्लोरोफॉर्मसारखे लहान, भाररहित रेणू आरओच्या पटलातून काही प्रमाणात निसटतात. पण कोळशाने ग्लासातल्या देखाव्यात काहीच फरक पडत नाही, त्यामुळे त्याची चित्रफीत कोणी काढत नाही.

‘मग नळाचे पाणी निर्धोक आहे, असेच म्हणायचे ना?’

हा प्रश्न विक्रेता हमखास विचारतो, आणि त्या चित्रफितीचा फोलपणा दाखवणारे काही उत्साही लोकही ‘नळाचे पाणी उत्तमच असते’ असे सांगून मोकळे होतात. तेही बरोबर नाही. कांड्यांची चाचणी खोटी आहे यावरून कोणत्याही एका नळाच्या पाण्याविषयी चांगले किंवा वाईट असे काहीही सिद्ध होत नाही.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचा सर्वांत मोठा धोका आजही मैलापाणी मिसळण्याचा आहे, आणि तो तपासण्याच्या पद्धती स्वस्त आहेत. गावोगावचे जलसुरक्षक टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करतात. तिच्यात येणारा पिवळा रंग खरोखरच पाण्यातील उरलेल्या क्लोरीनचा असतो, आणि ते लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम असावे अशी अपेक्षा आहे. जिवाणूंसाठी हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली वापरतात. पाणी भरून ठेवल्यावर ती काळी पडली, तर विष्ठेतील जिवाणूंचा संशय घ्यावा. फ्लोराइड, नायट्रेट आणि कठीणपणा यांसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत.

कीटकनाशकांचा किंवा जवळच्या औद्योगिक वसाहतीतून झिरपलेल्या सेंद्रिय रसायनांचा संशय असेल, तर यांपैकी एकही चाचणी पुरेशी नाही. त्यासाठी वायुवर्णलेखन (गॅस क्रोमॅटोग्राफी) आणि वस्तुमान वर्णपटमापी (मास स्पेक्ट्रोमीटर) अशी उपकरणे असलेली मान्यताप्राप्त प्रयोगशाळा लागते, आणि नमुना देतानाच कोणती रसायने शोधायची ते सांगावे लागते. आसपासच्या शेतांत काय फवारले जाते, वसाहतीत कशाचे कारखाने आहेत, ही माहिती तिथे कामी येते. नमुना जुन्या प्लास्टिकच्या बाटलीत नेऊ नये. काही सेंद्रिय रसायने प्लास्टिकला चिकटतात आणि काही प्लास्टिकमधून पाण्यात उतरतात, म्हणून प्रयोगशाळेकडूनच गडद काचेची स्वच्छ बाटली मागून घ्यावी, ती काठोकाठ भरावी आणि बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावी.